आजार : फिरणे

माझे दोन्ही गुडघे एकाच वयाचे असले तरी त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. डावा सकाळी कुरकुरतो, उजवा संध्याकाळी. घरातल्या घरात भिंतीला हात लावत मी सगळं करते. स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, दारावर कोणी आगाऊपणा केला तर उठून जाऊन भांडूनही येते. पण रस्त्यावर शंभरेक पावलं झाली की या दोघांचं अचानक एकमत होतं आणि मला असेन तिथे उभं राहावं लागतं.

मी कराडची. धाकटी बहीण लग्न होऊन डोंबिवलीला गेली ती तिथलीच झाली. दर हिवाळ्यात मी आठ-दहा दिवस तिच्याकडे जाते. पूर्वी आम्ही दोघी काय हिंडायचो. कल्याणच्या घाऊक बाजारात जाऊन लसणाच्या गोण्यांपुढे उभं राहून भाव विचारायचो आणि शेवटी पाव किलो घ्यायचो. ठाण्याला जाऊन तीन-तीन तास साड्या उलगडायला लावायचो आणि एक परकर घेऊन परत यायचो. ती अखंड बोलायची, मी अखंड तिची चूक काढायची. आमचं असं छान चाललेलं असायचं.

गेली तीन वर्षं मात्र मी डोंबिवली पाहिली ती सोफ्यावरून. "तू बस ताई, आराम कर, मी पटकन जाऊन येते." ती पटकन जायची आणि सावकाश यायची. समोरच्या इमारतीत कोण कुठल्या वारी चादरी वाळत घालतं हे मला तोंडपाठ झालं होतं. मला सोफ्याचा राग नव्हता, राग होता बहिणीचा. माझ्याबरोबर बाहेर पडायचं तिने बंदच करून टाकलं होतं आणि का म्हणून विचारलं की तिला गॅसवरचं दूध आठवायचं. मला हिंडायचं होतं ते तिच्याबरोबर. ठाणं काय, कोणीही दाखवलं असतं.

म्हणून या खेपेला मी कराडहूनच ठरवून निघाले. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बहीण भिशीला गेल्याचं पाहून मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, "जावईबापू, रिक्षा बोलवा. खुर्ची भाड्याने आणायची आहे."

माझ्या बहिणीचा नवरा सत्तरी ओलांडून गेलाय, पण आमच्या घरात तो अजून जावईच. आमच्याकडे जावयाला स्वतःचं ताट उचलू देत नाहीत. अधिक महिना आला की अनारशांचं ताट, वर चांदीचा दिवा, आणि तो दिवा देताना मी त्याच्या पाया पडायची, तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे म्हणून नव्हे, जावई आहे म्हणून. तर असा हा मानाचा माणूस. चहाचा कप ठेवून लगेच चपला घालून उभा राहिला, का ते मला नंतर कळलं.

स्टेशनकडच्या सर्जिकलच्या दुकानात वॉकर, कमोडच्या खुर्च्या, वरखाली होणाऱ्या खाटा असं सगळं मांडून ठेवलेलं होतं. दुकानदाराने फॉर्म पुढे ओढला.

"पेशंट कोण?"

"पेशंट नाही. पाहुणी आहे. मीच."

"आजार?"

"काही नाही. फिरायचंय."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, तो रकाना भरावाच लागतो. आजपर्यंत इथून खुर्ची गेली ती हॉस्पिटलातून घरी. फिरायला कोणी नेली नाही."

"मग आता जाईल," मी म्हटलं, आणि फॉर्म माझ्याकडे वळवून आजाराच्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, 'फिरणे'. पस्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत लोकांचे अर्ज तपासलेत मी. रकाना मोकळा ठेवणं मलाही आवडत नाही.

जावईबापू तेवढ्यात खुर्चीखाली वाकून चाकं बघत होते. त्यांनी ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला, एक चाक उचलून फिरवलं आणि म्हणाले, "पुढचं डावं आवाज करतंय. ग्रीस घाला." तेव्हा मला आठवलं, हा माणूस ठाण्याजवळ कोलशेतच्या एका कंपनीत तीस वर्षं गोदामात होता. माल चढवणं, उतरवणं, ट्रॉल्या, उतार, हेच त्याचं आयुष्य. निवृत्तीनंतर त्याला ढकलायला काहीच मिळालेलं नव्हतं.

आम्ही खुर्ची रिक्षातून सोसायटीत आणली. घडी घातली तरी तिचं एक चाक बाहेर डोकावत होतं. वॉचमनने ते पाहिलं, मला धरून उतरवताना पाहिलं, आणि टोपी काढली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

बहीण भिशीहून आली आणि दारात खुर्ची बघून थबकली. "हे कोणी आणलं?"

"आम्ही. उद्यापासून फिरायचं, तू, मी आणि जावईबापू."

"ढकलणार कोण?"

"मी," जावईबापू छाती काढून म्हणाले.

"जावयाला गाडा ढकलायला लावणार तू?" बहीण माझ्यावर उखडली. "आई असती तर जीव दिला असता तिने."

"आई असती तर आधी तिने स्वतः बसून बघितलं असतं," मी म्हटलं. पण बहीण हसली नाही. तिने खुर्ची घडी घालून बेडरूमच्या दारामागे ढकलली, वरून जुनी चादर टाकली, आणि तिला दूध आठवलं.

तासाभरात बेल वाजली. शेजारच्या बाई दोन शहाळी घेऊन उभ्या. मग वरच्या मजल्यावरचं जोडपं मोसंबी घेऊन आलं. मग आणखी शहाळी. घरात कोणी आजारी पडलं की भेटायला जायचं, रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आपली रीत, आणि वॉचमनने आपलं काम चोख केलं होतं. खरं सांगायला बहिणीच्या तोंडाला काय झालं होतं कोण जाणे. "हो, ताईचं जरा..." एवढं म्हणून ती वाक्य पदरात गुंडाळायची. मी आत थालीपीठं थापत होते. वाक्य पहिल्या मजल्यावर 'जरा' होतं, चौथ्या मजल्यावर जाईस्तोवर माझी डावी बाजू गेली होती.

चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या तेव्हा दार मीच उघडलं. उलथनं डाव्या हातात होतं.

"पेशंट कुठल्या खोलीत आहेत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मीच. या, थालीपीठ खाणार का?"

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, उलथन्याकडे बघितलं आणि शहाळं छातीशी धरून म्हणाल्या, "उभ्या कशाला राहता, आडव्या पडा ना." मी आडवी पडावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. माणूस एवढं ओझं घेऊन चार मजले उतरतं, लिफ्ट बंद असताना, त्याला समोर निदान झोपलेलं कोणीतरी दिसायला हवं. मी थोडा वेळ सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. एकूण अकरा शहाळी जमली. त्यातली निम्मी जावईबापूंनी संपवली, कारण ढकलायला ताकद लागते असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी निघालो. जावईबापू मागे, मी खुर्चीत, आणि बहीण दहा पावलं पुढे. अगदी मोजून दहा. आम्ही थांबलो की ती कुठल्यातरी दुकानाच्या काचेत बघत थांबायची, आम्ही निघालो की निघायची. बघणाऱ्याला वाटावं, कोण कुठली बाई, खरेदीला आलेली आहे.

डोंबिवलीच्या फुटपाथबद्दल मी काही बोलत नाही, माझं तोंड खराब होईल. चढायला छान उतार केलेला असतो आणि उताराच्या बरोबर मधे विजेचा खांब. जावईबापूंना मात्र स्फुरण चढलं होतं. "बाजूला, बाजूला, माल येतोय," असं ते सवयीने ओरडले आणि एका स्कूटरवाल्याने खरोखर वाट दिली. पायरी आली की खुर्ची वळवून उलटी उतरवायची, हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे अर्धी डोंबिवली मी पाठीमागे सरकताना पाहिली.

"ताई, पुढे झुकू नका, लोड हलतो."

"कोण लोड?"

"म्हणजे... तुम्ही बसून राहा."

भाजीवाली मला सोडून त्यांना विचारायची, "आजींना गवार चालते का?" मला दात नाहीत, कान नाहीत, मत नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की गवार जून आहे आणि आजींना ती चालत नाही. मग ती माझ्याशी नीट बोलायला लागली, म्हणजे भांडायला लागली. तीन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी मान वर करून बहीण कुठे आहे ते बघितलं. ती पुढे पोळपाटांच्या दुकानात पोळपाट निरखत होती. तिच्याकडे चार पोळपाट आहेत.

गणपतीच्या देवळापाशी त्या दिवशी चतुर्थीची रांग पार कोपऱ्याला वळसा घालून गेली होती. बहीण दहा पावलं पुढे असल्यामुळे आधीच रांगेत उभी राहिली. आम्ही पोचलो तर एक स्वयंसेवक धावत आला, दोरी वर केली आणि म्हणाला, "या, या, आजींना इकडून. सोबत कोण कोण आहे?"

मी रांगेकडे बघितलं. बहिणीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच समोरच्या बाईच्या अंबाड्याकडे बघायला लागली.

"सोबत हेच," मी म्हटलं.

आम्ही दोन मिनिटांत गाभाऱ्यासमोर. पुजाऱ्याने खाली वाकून हातात फूल दिलं, जावईबापूंना यजमान समजून जोडीने नमस्कार करायला सांगितलं, आणि जावईबापू इतके लाजले की त्यांनी चुकून उलटा गिअर टाकल्यासारखी खुर्ची मागे ओढली. आम्ही बाहेर झाडाखाली बसून प्रसाद खाल्ला, माणसं बघितली, पुन्हा प्रसाद खाल्ला. बहीण बरोबर पाऊण तासाने बाहेर आली, घामाघूम. मी टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, पण तिचं तोंड पाहिलं आणि तिच्या हातावर प्रसाद ठेवला. मला खरं तर फार वाईट वाटलं होतं. माझी सख्खी बहीण, जिला मी कडेवर घेऊन वाढवलं, तिने चारचौघांत मला ओळख दिली नव्हती.

त्या रात्री जेवताना मी सरळ विचारलं, "तुला माझी लाज वाटते का गं?"

"काहीतरीच काय," ती म्हणाली. आणि तिला पुन्हा दूध आठवलं. जावईबापूंनी ताटातून मान वर न करता जाहीर केलं की उद्या ठाण्याला जायचं, आणि तिथून कोलशेतला, त्यांची कंपनी दाखवायला.

ठाण्याला जायला गाडी बोलावली. डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी. खुर्ची कशीच मावेना. शेवटी ड्रायव्हरने ती आपल्या शेजारच्या सीटवर उभी केली आणि पोलीस पकडतील म्हणून तिला पट्टा लावला. आम्ही तिघं मागे कोंबून. दहा पावलं पुढे जायची सोयच नव्हती, त्यामुळे बहीण तासभर माझ्या मांडीला मांडी लावून बसली. खिडकीबाहेर बघत राहिली, पण गाडीने वळण घेतलं की माझा हात धरायची आणि गाडी सरळ झाली की सोडायची.

ठाण्याला तलावाकाठी उतरलो. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून तिथल्या वाटेवर लोखंडी खांब ठोकलेत. मोटारसायकल वाकडी करून शिरते, खुर्ची शिरत नाही. तलाव आम्ही रस्त्यावरून बघितला. पाणी होतं, होड्या होत्या. जावईबापूंचं लक्ष नव्हतं, त्यांना कोलशेतची घाई झाली होती.

कोलशेतला त्यांची कंपनी नव्हती. म्हणजे ती बंद झाल्याचं त्यांना माहीत होतं, पण ती इतकी नसेल असं वाटलं नव्हतं. गेट नंबर दोनच्या जागी संगमरवरी कमान आणि मागे आभाळात गेलेले टॉवर. त्यांनी मान वर करून एक टॉवर शेवटच्या मजल्यापर्यंत बघितला. मग त्यांची नजर खाली गेली आणि चेहरा उजळला. "ताई, उतार बघा. काय उतार दिलाय."

खरंच, सगळ्या प्रवासात तेवढा सुंदर उतार आम्हाला दिसला नव्हता. ना खांब, ना पायरी, ना फुटलेली लादी. त्यांना राहवेना. आम्ही सुळकन वर गेलो ते थेट फ्लॅट विकण्याच्या कचेरीत. कडक इस्त्रीची एक मुलगी हसत पुढे आली, "वेलकम मॅम. आमचा पूर्ण प्रोजेक्ट व्हीलचेअरसाठी एकदम सोयीचा आहे." तीन दिवसांत खुर्ची बघून आनंद झालेली ही पहिलीच व्यक्ती. आम्हाला गार पाणी मिळालं, कॉफी मिळाली, आणि नाही म्हणायच्या आत आम्ही सॅम्पल फ्लॅटमध्ये होतो. बाहेर ऊन तापलं होतं, त्यामुळे बहीणही आत आली. आता ती फक्त तीन पावलांवर होती.

सॅम्पल फ्लॅटला दारं नसतात. पलंग लहान असतो, खोली मोठी वाटावी म्हणून. टोपलीतली सफरचंदं प्लॅस्टिकची, हे मी दाबून बघितलं. जावईबापू खिडकीतून खाली बोट दाखवत होते, "तो पोहायचा तलाव आहे ना, तिथे आमचं पॅकिंग." त्या मुलीने मला बाथरूममधली धरायची दांडी दाखवली. मग, माझ्याशी बोलून झालं असं समजून, बहिणीकडे वळून गोड आवाजात विचारलं, "मॅम, या तुमच्या आई का?"

माझं डोकंच फिरलं. सहा वर्षांचं अंतर आहे आमच्यात, सहा. ती केस रंगवते, मी रंगवत नाही, एवढंच. मी काहीतरी झणझणीत बोलणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "नाही हो. ताई आहे माझी." आणि त्या बुटक्या पलंगावर बसून ढसाढसा रडायला लागली.

मुलगी अजिबात गडबडली नाही. "होतं असं, मॅम. घर बघून खूप लोक इमोशनल होतात."

जावईबापूंनी जन्मात पहिल्यांदा शहाणपणा केला. "मला जरा कार्पेट एरिया समजावून सांगा," म्हणत ते तिला दुसऱ्या खोलीत घेऊन गेले.

मी हाताने चाकं फिरवत पलंगापाशी गेले. मला वळता येत नव्हतं, एकदा कपाटाला धडकले. "काय झालं तुला? मी मेले का? गुडघे दुखतायत माझे."

"तेच," ती म्हणाली. "तुला दुकानातून ती खुर्ची आणताना काही वाटलं नाही. मला वाटलं. तू त्यात बसलीस की सगळे तुला आजी म्हणतात, माझ्याकडे बघून विचारतात हिला काय हवं, हिला काय चालतं. म्हणजे आता मी मोठी. तू रस्त्यात थांबायला लागलीस तेव्हापासून मला हेच वाटतंय." ती नाक पुसत बोलत होती, थांबत नव्हती, अगदी पूर्वीसारखी. "आई गेली, बाबा गेले, दादा गेला. माझ्या वर आता तू एकटी आहेस. तूही बसलीस तर मी कुणाला विचारू? मला नाही व्हायचं मोठं, ताई."

बासष्ट वर्षांची बाई, घरात दोन नातवंडं, आणि हे बोलणं. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही आणि मला त्याचा फार राग आला.

"अगं मूर्खे," मी म्हटलं, "मी बसले तरी तुझ्याहून मोठीच. आडवी पडले तरी मोठीच. त्याला उभं राहावं लागत नाही. आणि तीन वर्षं मला त्या सोफ्यावर एकटीला ठेवलंस, ते यासाठी?"

तिने मान डोलावली.

"चार पोळपाट असताना पाचवा बघत होतीस."

"हो."

"रांगेत पाऊण तास उभी राहिलीस."

"पाय मोडले माझे," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. मग मीही.

आम्ही तिथून बाहेर पडलो तेव्हा जावईबापूंच्या हातात चार रंगीत पुस्तिका होत्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा येण्याचं त्यांनी कबूल केलेलं होतं. ते सवयीने खुर्चीच्या मागे जायला लागले तर बहिणीने त्यांना कोपराने बाजूला केलं.

"तुम्ही व्हा पुढे."

"तुला जमणार नाही, पुढे खाडीकडे जाताना उतार आहे. लोड..."

"माझी बहीण आहे ती. लोड काय म्हणता?"

जावईबापू पुस्तिका सांभाळत निमूट पुढे निघाले. तिने दांडे धरले. तिला ढकलायचं शास्त्र काही येत नव्हतं. डावीकडे जायचं तर आम्ही उजवीकडे गेलो, एका खड्ड्यात माझे दात वाजले, एका उभ्या टेम्पोला जवळजवळ भेटलो. आणि ती बोलत होती. शेजारणीच्या सुनेपासून ते वाटाण्याच्या भावापर्यंत, तीन वर्षांचं साठलेलं एका दमात. मी मधे मधे तिची चूक काढत होते. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण बोलता बोलता ती नाक ओढतेय ते ऐकू येत होतं. समोर रस्ता संपून खाडी दिसायला लागली, खारा वास आला, आणि मागचं बोलणं एकदम थांबलं.

"रडायचं तर रड," मी मान न वळवता म्हटलं, "पण दांडे सोडू नकोस."